रग्बी लीग खेळाडूचा परिचयलेख कसा लिहावा: जॉनथन थर्स्टनचे उदाहरण

पुण्यातील महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी परदेशी खेळाडूवर लिहायला घेतले की बहुतेक लेख जन्मतारखेने सुरू होतात आणि पुरस्कारांच्या यादीवर थांबतात. ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगच्या खेळाडूबाबत ही पद्धत अपुरी पडते, कारण त्याची कारकीर्द क्लब, राज्य आणि देश अशा तीन पातळ्यांवर एकाच वेळी चालते. १९८३ मध्ये ब्रिस्बेन येथे जन्मलेल्या जॉनथन थर्स्टनचे उदाहरण घेऊन हा लेख कसा बांधावा ते पाहू.

प्रथम खेळाची ओळख करून द्यावी, पण नियमांचे पुस्तक उघडू नये. आपल्याकडे मैदानावर दिसणारी रग्बी बहुधा युनियन प्रकारातील असते. लीगमध्ये प्रत्येक बाजूस तेरा खेळाडू असतात आणि चेंडू ताब्यात असलेल्या संघाला सहा टॅकल (चेंडू घेतलेल्या खेळाडूला धरून रोखणे) होईपर्यंतच आक्रमणाची संधी मिळते. ट्रायला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवणे) ४ गुण, त्यानंतरच्या कन्व्हर्जनला (गोलखांबांमधून मारायची किक) २ आणि थर्स्टनच्या काळात फील्ड गोलला (चालू खेळात खांबांमधून मारलेली किक) १ गुण, एवढे सांगितले तरी पुढचे सामने वाचकाला कळतात.

त्यानंतर निदान क्लब आणि राज्य या पातळ्या वेगळ्या कराव्यात. क्लबच्या पातळीवर थर्स्टनने २००२ मध्ये कँटरबरी बुलडॉग्जकडून पदार्पण केले आणि २००५ पासून २०१८ मधील निवृत्तीपर्यंत तो टाउन्सव्हिलच्या नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजकडून खेळला. राज्याच्या पातळीवर स्टेट ऑफ ओरिजिन ही क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स यांच्यातील दरवर्षीची तीन सामन्यांची मालिका येते. तिथे खेळाडू कोणत्या क्लबचा आहे याला महत्त्व नसते, त्याचे मूळ राज्य पाहिले जाते. पुण्याच्या वाचकाला हे समजावणे अवघड नाही: ऋतुराज गायकवाड आयपीएलमध्ये चेन्नईचा असला तरी रणजीत महाराष्ट्राचाच असतो. थर्स्टन २००५ ते २०१६ या काळात क्वीन्सलंडकडून सलग ३६ सामने खेळला, आणि २००६ ते २०१३ या सलग आठ मालिका क्वीन्सलंडने जिंकल्या. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत थक्क करणारा आकडा हा ३६ आहे, कारण एवढ्या धसमुसळ्या खेळात बारा वर्षे एकही सामना न चुकवणे हेच मुळात दुर्मिळ आहे.

आकडे देताना खेळाडूची मैदानावरील जागा लक्षात घ्यावी. थर्स्टन सात क्रमांकाचा हाफबॅक होता, म्हणजे चाल रचणारा आणि किक मारणारा खेळाडू. अशा खेळाडूची गुणसंख्या साहजिकच फुगलेली दिसते, त्यामुळे तिची तुलना पुढच्या फळीतील दणकट खेळाडूशी करणे अन्यायाचे ठरते. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे डॅली एम पदक त्याने चार वेळा (२००५, २००७, २०१४ आणि २०१५) मिळवले, हा निकष अधिक विश्वासार्ह आहे.

एक सामना मात्र तपशीलवार लिहावा. ४ ऑक्टोबर २०१५ रोजी सिडनी येथील क्लब स्पर्धेच्या (एनआरएल) अंतिम सामन्यात काउबॉइजविरुद्ध ब्रिस्बेन ब्रॉन्कोज १६-१२ असे पुढे होते. वेळ संपता संपता काउबॉइजच्या मायकल मॉर्गनच्या पासवर काइल फेल्टने कोपऱ्यात ट्राय केली आणि १६-१६ अशी बरोबरी झाली. जिंकून देणारे कन्व्हर्जन थर्स्टनला थेट सीमारेषेजवळून मारायचे होते. चेंडू खांबाला लागून परतला. जादा वेळेच्या सुरुवातीलाच ब्रॉन्कोजच्या बेन हंटच्या हातून चेंडू सुटला आणि थोड्याच वेळात थर्स्टनने फील्ड गोल मारून सामना १७-१६ असा संपवला. काउबॉइजचे ते पहिलेच विजेतेपद होते. येथे ‘महान’, ‘अद्वितीय’ अशी विशेषणे टाळावीत. खांबाला लागलेली किक आधी आणि विजयी किक नंतर, हा क्रम पुरेसा बोलका आहे.

स्वभावाबद्दलही घटनाच सांगावी. २००४ मध्ये बुलडॉग्जचा कर्णधार स्टीव्ह प्राइस दुखापतीमुळे अंतिम सामन्यास मुकला. सामना जिंकल्यावर थर्स्टनने आपली विजेतेपदाची अंगठी त्याला दिली. आदिवासी वारसा असलेल्या या खेळाडूला २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मानवाधिकार पदक मिळाले, तेही मैदानाबाहेरील कामासाठी, म्हणून त्याला डॅली एम पदकांच्या रांगेत न बसवता स्वतंत्र परिच्छेद द्यावा.

शेवटी २०१७ च्या दुसऱ्या ओरिजिन सामन्याला जागा ठेवावी. खांदा जायबंदी असताना त्याने मारलेल्या कन्व्हर्जनने क्वीन्सलंड १८-१६ जिंकले, आणि तोच त्याचा राज्याकडून शेवटचा सामना ठरला.