भाड्यातून हप्ता सुटतो का? आधी कागदावर मांडा

गुंतवणूक म्हणून पहिला फ्लॅट घेणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: भाड्यातून हप्ता सुटेल. पुण्या-मुंबईत हे सहसा खरं ठरत नाही, आणि ते कळेपर्यंत करारनामा होऊन गेलेला असतो. म्हणून टोकन देण्याआधीच हिशेब करा.

समजा, पुणे महापालिका हद्दीत बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा फ्लॅट आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख (पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या इमारतीत तो लागत नाही). झाले साडेसदुसष्ट लाख. यातले साडेसात लाख विकताना परत मिळत नाहीत, म्हणजे भाव साडेबारा टक्के वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच आहात.

‘वीस टक्के भरले की झालं’ हाही गैरसमजच. एवढ्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४८ लाख देते आणि मुद्रांक-नोंदणीचा खर्च किमतीत धरत नाही. जीएसटीही स्वतःच भरायचा झाला, तर हाताशी साडेएकोणीस लाख हवेत. बारा लाखांच्या तयारीने उतरलेला माणूस उरलेल्यासाठी पर्सनल लोन काढतो आणि तिथेच अडकतो.

आता हप्ता. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी तो महिन्याला सुमारे ४१,६५० रुपये येतो. भाडं १८ हजार धरा आणि वर्षातला एक महिना घर रिकामं. आले १ लाख ९८ हजार. त्यातून मेंटेनन्स ३६ हजार, मिळकतकर १२ हजार, रंग-दुरुस्ती १० हजार वजा केले की उरतात १ लाख ४० हजार. हप्त्यांपोटी जातात ५ लाख. दर महिन्याला ३० हजार खिशातून घालायचे, तेही ताबा मिळाल्यानंतर. त्याआधी भाडं शून्य. आपल्या फ्लॅटचे आकडे घालून हे गणित पुन्हा करा. भाडं दलालाला विचारू नका, त्याच इमारतीतल्या भाडेकरूला विचारा.

रेरा (बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाचा कायदा) क्रमांक आहे म्हणजे प्रकल्प सुरक्षित, असंही अनेक जण धरून चालतात. नोंदणी म्हणजे हमी नव्हे. महारेरा या राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का, आणि चटई क्षेत्र (कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा) किती, एवढं तरी वाचा. दर नेहमी चटई क्षेत्रावरच काढा. जाहिरातीतल्या ‘सेलेबल’ फुटांत जिना-लॉबीसारखी सामाईक जागाही धरलेली असते, म्हणून त्यावर काढलेला दर स्वस्त भासतो.

प्लॉट घेणाऱ्यांची चूक वेगळी. सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी, हे खरं नाही. सातबारा ही महसुली नोंद आहे. ‘इतर हक्क’ रकान्यात कुळ, बँकेचा बोजा, वारसांची नावं पाहा, जुने फेरफार (मालकी-हक्क बदलाच्या नोंदी) काढा आणि वकिलाकडून मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा शोध अहवाल घ्या. विकणाऱ्याच्या बहिणींची हक्कसोड (आपला वाटा सोडल्याचा दस्त) राहून गेलेली असेल, तर दावा नंतर उभा राहतो. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. प्लॉट असेल, तर जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद आणि मंजूर रेखांकन दोन्ही मागा. ‘नोटरी करून देतो’ किंवा ‘कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) पुरे’ म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे.

नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ६० लाखांच्या फ्लॅटला ही मर्यादा ६ लाख. ‘आज भरलं तरच हा दर’ असं सांगून जास्त मागितलं, तर करारनाम्याचा मसुदा आधी मागा आणि तो वकिलाने वाचेपर्यंत चेक लिहू नका.