वाल थोरांसची तयारी: कुकर, आणि कुकरची शिट्टी

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघे लंडनहून गाडीने फ्रेंच आल्प्समधील वाल थोरांसला आठवडाभराच्या स्कीइंगसाठी गेलो. स्वयंपाक स्वतः करायचा होता, म्हणून कुकर नेला, झाकण नेले, डबे नेले, जादा रिंगसुद्धा नेली. शिट्टी मात्र धुऊन चमच्यांच्या जाळीत निथळत ठेवली होती, ती तिथेच राहिली. दिवसभराच्या प्रवासानंतर रात्री नऊ वाजता, मुले भुकेने रडकुंडीला आलेली असताना, हे माझ्या लक्षात आले. या खेपेस पुन्हा जायचे आहे आणि ओळखीची दोन कुटुंबेही निघाली आहेत. त्यांच्यासाठी ही यादी.

आधी तारखा. ब्रिटनच्या शाळांची फेब्रुवारीतली सुट्टी आणि फ्रान्सची हिवाळी सुट्टी बहुधा एकमेकींवर येतात. फ्रान्समध्ये ही सुट्टी अ, ब, क अशा तीन विभागांना वेगवेगळ्या आठवड्यांत मिळते. पॅरिसच्या विभागाचा आठवडा टाळता आला तर जरूर टाळावा. घरे बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात, त्यामुळे एकाच दिवशी सगळे खाली उतरतात आणि सगळे वर चढतात. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे त्यांनी शेंगेन व्हिसाचे काम सगळ्यात आधी हाती घ्यावे. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, पण भेटीची वेळ मिळण्यातच आठवडे जातात.

घर ठरवताना छायाचित्रे पाहून भुलू नये, प्रश्न विचारावेत. ‘चार जणांचे’ म्हणजे पुष्कळदा एक खोली आणि उलगडणारा सोफा. चादरी आणि टॉवेल भाड्यात धरलेले आहेत का? शेवटची सफाई कोणी करायची? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेगडी कोणती आहे? लहान घरांत दोनच चुली असतात आणि त्या इंडक्शनच्या असल्या तर आपला नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. कुकरच्या बुडाला चुंबक लावून पाहावे. घट्ट चिकटला तरच तो कुकर न्यावा.

कुकरचा एवढा आग्रह का, ते नीट सांगते, कारण मागच्या वर्षी मलाही ते पुरते कळले नव्हते. वाल थोरांस 2300 मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 100 नव्हे, तर साधारण 92 अंशांनाच उकळते. आच कितीही वाढवली तरी उघड्या पातेल्यातले पाणी त्याहून तापत नाही. नुसतेच आटत जाते. आमची तूरडाळ दीड तास उकळूनही कणीदार राहिली, आणि राजमा रात्रभर भिजवलेला असूनही शिजला नाही तो नाहीच. बंद कुकरमध्ये तिथेही तापमान 115 अंशांच्या आसपास पोचते. चार-साडेचारला स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट बंद झाल्यावर ओल्या कपड्यांनी आणि दुखऱ्या पायांनी घरी आल्यावर, एका चुलीवर वरण-भाताचा कुकर लावला आणि दुसरीवर भाजी टाकली की मुलांचे मोजे वाळत घालेपर्यंत जेवण तयार होते. हे सगळे त्या बोटभर शिट्टीवर अवलंबून आहे. कुकर बांधताना शिट्टी झाकणालाच दोऱ्याने बांधावी. ‘मग ठेवू’ म्हणून वेगळी ठेवू नये. तिच्यावाचून वाफ कोंडतच नाही, आणि नळीच्या तोंडावर दुसरे काही बसवून पाहण्याचा प्रयोग चुकूनही करू नये. झाकण उडून जीवावर बेतेल. फ्रान्समध्येही कुकर मिळतात, पण त्यांची शिट्टी आपल्या कुकरला बसत नाही. खाली मूतिए या गावापर्यंत 37 किलोमीटरचा घाट उतरून मी ती खात्री करून आले, आणि त्यात स्कीइंगचा एक अख्खा दिवस गेला.

आता शिधा. ब्रिटनमधून युरोपीय संघात दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पनीर आणि दही घरीच ठेवावे. ताजी भाजी, हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ता यांनाही प्रमाणपत्राशिवाय बंदी आहे. डाळ, तांदूळ, कणीक, पोहे, गोडा मसाला, फोडणीचे साहित्य आणि चहा मात्र निर्धास्त न्यावा. तेथील मैद्यासारख्या पिठाच्या पोळ्या नीट होत नाहीत, म्हणून कणीक पुरेशी घ्यावी. तूप हवेच असेल तर बिनमिठाचे लोणी विकत घेऊन तिथे कढवावे. ते फार चांगले होते. दूध, भाजी आणि अंडी वाटेत आल्बेरव्हिल किंवा मूतिएच्या मोठ्या दुकानांतच भरून घ्यावीत. वरच्या दुकानांत तेच सामान बरेच महाग पडते. घरात मीठसुद्धा असेल असे धरू नये. शाकाहारी असाल तर बाहेर खाण्याचा भरवसा नको, कारण तेथील प्रसिद्ध तार्तीफ्लेतमध्ये बटाटा आणि चीजबरोबर डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. पहिल्या रात्रीचे जेवण, दशम्या किंवा पराठे, घरूनच बांधून न्यावे. आणि सामान गाडीत ठेवताना कुकर एकदा उघडून शिट्टी आहे का, ते पाहावे.

फ्रान्सच्या काले बंदराहून वर पोचायला 900 किलोमीटरहून अधिक अंतर आहे. ते एका दिवसात कापण्याचा हट्ट आम्ही केला, तो करू नये. वाटेत दिजोंला मुक्काम करावा. सुट्टीतल्या शनिवारी आल्बेरव्हिलपासून वरच्या रस्त्यावर वाहने तासन्‌तास अडकतात, तेव्हा बिझाँ फ्यूते या फ्रान्सच्या सरकारी वाहतूक सेवेचा अंदाज निघण्याआधी पाहावा. 1 नोव्हेंबर ते 31 मार्च या काळात या डोंगराळ भागात हिवाळी टायर किंवा बर्फासाठी चाकांवर चढवायच्या साखळ्या सक्तीच्या आहेत. साखळ्या घरासमोर एकदा चढवून पाहाव्यात; अंधारात, उणे तापमानात, घाटातच पहिला प्रयत्न होऊ नये. वाल थोरांसमध्ये गाडी घरापाशी ठेवू देत नाहीत. सामान उतरवून ती सशुल्क वाहनतळात न्यावी लागते आणि त्याची जागा आधीच राखून ठेवावी.

विम्याबाबत अजिबात हयगय नको. फ्रान्समध्ये उतारावर पडून जखमी झालेल्या माणसाला खाली आणण्याचा खर्च त्याच्याकडूनच घेतला जातो आणि ब्रिटनचे आरोग्य कार्ड तो देत नाही. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुधा नसते. पॉलिसीत ते स्पष्ट लिहिलेले हवे. ते नसेल तर लिफ्टच्या पासबरोबर दिवसागणिक मिळणारा कारे नेज हा विमा घ्यावा.

कपड्यांचे बहुतेकांना माहीत असते. दोनच गोष्टी सांगते. बुटात एकच लांब, पातळ मोजा घालावा. दोन घातले की पाय चोळवटतो आणि थंडही पडतो. गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही हवे, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. माझ्या धाकट्याची हनुवटी खालून भाजली होती. स्की भाड्याने घेताना वजन खरे सांगावे, कारण पडल्यावर बूट स्कीपासून सुटण्याचा जोर त्यावरच ठरवतात.

नवशिक्यांनी शिकवणी आधीच नोंदवावी आणि 600 किलोमीटर उतारांचा महागडा संपूर्ण पास पहिल्याच आठवड्यात घेऊ नये. हिरवे आणि निळे, म्हणजे सोपे, उतार पुरेत. पाणी भरपूर प्यावे. आपत्कालीन क्रमांक 112.

परतीचे थोडक्यात. स्की आदल्या संध्याकाळी परत करावेत, कचरा टाकावा, फ्रीज पुसावा. सकाळी दहाच्या सुमारास घर सोडावे लागते आणि अनामत रक्कम सफाई पाहूनच परत मिळते. सिंकशेजारची जाळी शेवटी पाहावी, शिट्टी तिथे राहिलेली नको.