चुंबकाला धरणारे स्क्रू: मखराच्या तयारीची यादी

गणपतीचे मखर दरवर्षी नव्याने ठोकण्याऐवजी प्लायचे सहा भाग कायमचे करून ठेवायचे आणि चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी ते चुंबकाच्या आधाराने एकमेकांना जोडायचे, अशी पद्धत आमच्या कोल्हापुरातील घरी आहे. एका भागाच्या कडेत निओडिमियम चुंबकाची चकती बसवायची आणि दुसऱ्या भागात नेमका तिच्या समोर येईल असा स्क्रू. दोन्ही बाजूंना चुंबक बसवले तर ओढ अधिक मिळते हे खरे. परंतु मग प्रत्येक चकतीचे कोणते तोंड बाहेर ठेवायचे याचा हिशेब ठेवावा लागतो. स्क्रूला चुंबकाचे कोणतेही तोंड चालते, शिवाय तो पाव फेरा आत-बाहेर फिरवला की सांध्यातली फट जुळवून घेता येते. म्हणून तयारीची सुरुवात स्क्रूपासून करावी.

हार्डवेअरच्या दुकानात जाताना, जी चकती प्रत्यक्ष मखरात बसणार आहे तीच खिशात घेऊन जावी. ती प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत गुंडाळलेली असावी, कारण उद्यमनगरासारख्या लेथ आणि ड्रिलच्या गल्ल्यांतून फिरताना कुठेही टेकली तरी तिच्यावर लोखंडाचा कीस दाढीसारखा उभा राहतो, आणि तो उघड्या चकतीवरून पुसून निघत नाही. पिशवी उलटी करून काढली की सगळा कीस तिच्याबरोबर निघून येतो.

आता मुख्य काम, म्हणजे धातूची निवड. स्क्रू चकाकतो की नाही, यावरून काहीच ठरवू नये. एका वर्षी मी पावसाळी हवेत गंज नको म्हणून एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, ३०४ या ग्रेडचे सुंदर चकचकीत स्क्रू आणले, सगळे बसवले, आणि रात्री मागची कमान उभी करायला घेतली तेव्हा ती टेकताच सुटून हातात आली. त्या रात्रीची धावपळ दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा मुद्दा सविस्तर सांगतो. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, आणि या निकेलमुळे पोलादाची आतली स्फटिकरचना अशी राहते की तिला चुंबक ओढत नाही. मात्र स्क्रूचे डोके थंड अवस्थेत ठोकून घडवताना आणि आटे दाबून पाडताना त्या भागाची रचना थोडी बदलते, त्यामुळे चकती जवळ नेल्यावर स्क्रू किंचित हलतो आणि घेणाऱ्याची फसगत होते. ती हलकी ओढ मखर पेलण्याच्या कामाची नाही. ३१६ चेही तसेच आहे, आणि निकेलऐवजी बरेचसे मँगनीज घातलेल्या २०२ चेही. एसएसच हवे असेल तर ४१० मागावे. त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असते, निकेल जवळजवळ नसते, आणि ते चुंबकाला नीट धरते. पत्र्यात स्वतःच भोक पाडत जाणारे एसएसचे स्क्रू पुष्कळदा याच ग्रेडचे असतात. चुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नकली, हा समज दुकानाच्या काउंटरवर अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

याहून स्वस्त आणि आपल्या कामाला पुरेसा पर्याय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला साधा लोखंडी स्क्रू, पांढरा किंवा पिवळसर. मुलाम्याचा थर इतका पातळ असतो की ओढीत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. जिप्सम बोर्ड बसवायचे काळे स्क्रूही चांगले चिकटतात, पण दमट हवेत ते लवकर गंजतात, म्हणून मखरासाठी मी ते घेत नाही. देवघराला शोभतात म्हणून पितळी स्क्रू घ्यायचा मोह होतो. अस्सल पितळ अजिबात चिकटत नाही, परंतु लोखंडावर पितळी मुलामा दिलेले स्क्रूही मिळतात आणि ते चिकटतात. येथे डोळ्यांपेक्षा चकतीचा निर्णय मानावा.

चिकटतो एवढे पाहून थांबू नये, किती जोराने चिकटतो हेही पाहावे. चकती हातात धरून तिच्याखाली वहीचे एक पान धरावे आणि पानाखाली स्क्रूचे डोके लावून तो लोंबकळत ठेवावा. मग एकेक पान वाढवत जावे. स्क्रू ज्या पानाला खाली पडेल तो आकडा लिहून ठेवावा. एकाच मापाच्या दोन-तीन प्रकारच्या स्क्रूंची अशी तुलना केली की निवड पाच मिनिटांत होते, आणि थोडीशी फटसुद्धा पकड किती झपाट्याने कमी करते हेही त्यात उघड दिसते. याच कारणाने स्क्रूच्या डोक्यावर रंगाचा जाड थर, वेलवेट किंवा सनमायका येऊ देऊ नये.

डोके सपाट, म्हणजे सीएसके असावे. गोल माथ्याचा स्क्रू चकतीला जेमतेम एका बिंदूत टेकतो. माझ्या १९ मिलिमीटर प्लायला आठ नंबरचा एक इंची स्क्रू आणि १० मिलिमीटर व्यासाची चकती ही जोडी बसली आहे, कारण आठ नंबरच्या डोक्याचा व्यास सुमारे ८ मिलिमीटर भरतो. प्लायच्या कडेत आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडून घ्यावे, नाहीतर थर उकलतात. संख्या मोजताना सांध्यांच्या हिशेबावर दहा स्क्रू जास्त घ्यावेत.

चुंबकाची पकड सरळ ओढीला भक्कम असते, पण बाजूला सरकण्याला ती फारशी अडवत नाही. म्हणून कमानीचे वजन स्क्रूवर टाकू नये. खाली लाकडी पट्टीचा टेका द्यावा किंवा दोन खुंट्या बसवाव्यात.

चकत्या इपॉक्सीने पक्क्या चिकटवाव्यात. सुटलेल्या चकत्या लहान मुलांच्या हाती लागू देणे धोक्याचे आहे, कारण दोन चकत्या गिळल्या गेल्या तर त्या आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकींना चिकटतात आणि आतड्याला छिद्र पडू शकते. समई आणि निरांजन चकत्यांपासून लांब ठेवावे. साधा निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर तापला की त्याची काही ताकद कायमची जाते.

जो स्क्रू चुंबकाला चांगला धरतो, तोच बहुधा गंजतोही, आणि चतुर्थी आपल्याकडे पावसातच येते. बसवल्यावर डोक्यांवर मेणाचा अगदी पातळ हात फिरवावा. विसर्जनानंतर भाग सुटे करताना डोकी कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा मेण लावावे, आणि उरलेले स्क्रू त्यांच्याच पुडीत ठेवून पुडीवर नंबर, धातू आणि पानांचा आकडा पेन्सिलीने लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षी कमी पडलेले चार स्क्रू आणायला ती पुडीच दुकानात नेता येते.