घरखर्च बसवताना या चुका टाळा : कोकणातल्या घरांसाठी

आमच्या बचत गटाचं दप्तर माझ्याकडे असतं. सभा उरकली की कुणीतरी घरखर्चाची वही घेऊन थांबतंच. "ताई, जरा बघा ना, बसतच नाही." वही उघडली की दुसऱ्या पानावर चूक दिसते. गेल्या वर्षी दुसऱ्या एका बाईच्या वहीत दिसलेलीच असते ती.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे झाडावरचा पैसा खर्च करणं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं आपण मोहोर बघून करतो. हे मी आमच्याच घरात भोगलंय. 2021 च्या जानेवारीत आमची आंब्याची कलमं अशी मोहोरली होती की पान दिसत नव्हतं. यजमानांनी अंगणात उभं राहून पेट्या मोजल्या आणि त्या आकड्यावर आम्ही हप्त्यांनी मोटारसायकल घेतली. फवारणीची औषधं उधारीवर, हंगामात फेडू म्हणून. पहिल्या तोडीचे पैसे हप्त्यांतच गेले. उरलेला निम्मा माल झाडावर असताना मेच्या मध्यावर तौक्ते वादळ आलं. 17 मेच्या सकाळी बागेत पाऊल टाकायला जागा नव्हती, इतका आंबा खाली. देठ तुटलेला, अंगाला मार लागलेला. तो पेटीत जात नाही, कॅनिंगला किलोवर जातो, तोही गाडी मिळाली तर. आम्ही पोरांसकट दोन दिवस आंबे वेचत होतो. जूनचा हप्ता माझ्या बांगड्या गहाण ठेवून भरला. त्या सुटायला दीड वर्ष लागलं.

वादळ कुणाच्या हातात नव्हतं, पण हप्ता आमच्या हातात होता. मोहोर म्हणजे पेटी नव्हे. मधे तुडतुड्याची कीड आहे, अवकाळी पाऊस आहे, फळगळ आहे. तेव्हापासून माझा नियम एकच : वाशीच्या बाजारातून पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, हातात आल्याशिवाय वहीत जमेचा आकडा पडत नाही. आणि पट्टीवरची वरची रक्कमही लिहायची नाही. दलाली, हमाली, भाडं, खोक्याचे पैसे वजा होऊन खाली जे उरतं तेच आपलं. मासळीवाल्यांनी होडी येण्याआधी, काजूवाल्यांनी बी वाळण्याआधी हेच लक्षात ठेवावं.

दुसरी चूक पगारदाराचं बजेट उतरवून घेण्याची. महिन्याला इतके आले, त्याचे इतके भाग केले. मुंबईत पहिल्या तारखेला पगार होतो, तिथे ते चालतं. इथे काजू मार्चपासून, आंबा एप्रिल-मेत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. पावसात गवंड्याच्या हाताखालचं कामही थांबतं. म्हणजे हातात सगळ्यात कमी पैसा तेव्हा, आणि पोरांची दप्तरं, भाताचं बियाणं, खत, गणपती हे सगळं नेमकं त्याच दिवसांत. बाराने भागायचं कसं?

मी वर्षाचे दोन तुकडे करते, उन्हाळी आणि पावसाळी. मेमध्ये पैसा आला की पहिली खरेदी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची. उकडे तांदूळ, कडवे वाल, मिरची-मसाला, मीठ. सुकट, सोडे, सुके बोंबील उन्हात पुन्हा एकदा कडकडीत करून पत्र्याच्या डब्यात. आमसुलं घरचीच. शाकारणीची मजुरीही तेव्हाच बाजूला. सासूबाई सांगायच्या, मृगाच्या आधी फडताळ भरलेलं असलं की पावसाचा आवाज गोड लागतो. आता हे जुनाट वाटतं लोकांना. आठवड्याला थोडं थोडं आणू म्हणतात, आणि जुलैत तीच सुकट चढ्या भावाने उधारीवर घेतात.

गणपतीला "अचानक खर्च आला" असं कुणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. तारीख भिंतीवर टांगलेली असते. 2024 ला 7 सप्टेंबर, 2025 ला 27 ऑगस्ट, 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे 14 सप्टेंबर. म्हणजे 2026 चा पावसाळा खिशासाठी आदल्या वर्षापेक्षा अठरा दिवसांनी लांब. आगोट भरताना हेही धरावं लागतं. मूर्ती, तिच्यावर टांगायची फळाफुलांची माटवी, गौरीला सुपं वाहायचा ओवसा, आलेल्या चाकरमान्यांचं जेवणखाण यांसाठी मी जुलैत बँकेत बारा महिन्यांचं रिकरिंग, म्हणजे दरमहा हप्त्याची ठेव, लावते, ते पुढच्या जुलैत सुटतं. महिना हजार रुपये. आंब्याच्या पैशातून वर्षाचे हप्ते खात्यात आधीच ठेवते, म्हणजे पावसात चुकत नाहीत.

आता नवशिक्यांचं. पहिल्या दिवशी चहा, वडा, आगपेटी सगळं पैशासकट लिहितात आणि आठव्या दिवशी वही कपाटात. एवढी घाई कशाला? चार रकाने पुरतात : घर, मासळी-भाजी, शाळा-दवाखाना, देणी. मी रात्री भांडी घासून झाली की पाच मिनिटं लिहिते. दिवस चुकला तर चुकला, मागचं आठवत बसत नाही.

मोबाइलवर अ‍ॅप घेतलं म्हणजे बजेट झालं, हेही खरं नाही. आता कोळणीच्या टोपलीजवळही क्यूआर असतो, आणि वीस-चाळीस रुपये गेलेले कळत नाहीत. मी आठवड्याची मासळीची रक्कम सुट्ट्या नोटांत काढून वेगळ्या बटव्यात ठेवते.

आणि त्या मासळीला पहिल्याच झटक्यात कात्री लावू नका. माणसं चिडतात, दोन रविवार कसे तरी जातात, तिसऱ्या रविवारी सुरमई येते आणि वही संपते. सुरमई महाग तर बांगडा घ्या, तारली घ्या. श्रावणात बटवा आपोआप वाचतो, ते पैसे गणपतीला येतात.

दुकानदाराच्या वहीवर विसंबू नका, उधारी आपल्याकडेही लिहा.

नातेवाइकांना पाठवलेल्या पेट्याही खर्चच, त्या मांडा.

भिशीचा नंबर लागला तर तो पैसा नवा नसतो, आपलेच हप्ते असतात.

नवऱ्याची वही वेगळी, बायकोची वेगळी असेल तर दोन्ही फाडा. गेल्या महिन्यात एका जोडप्याला मी समोरासमोर बसवलं. गॅसचा सिलिंडर दोघांच्याही वहीत होता, आणि पतपेढीचा हप्ता कुणाच्याच नाही.