दारू सोडायच्या मिटिंगा : साताऱ्या-सांगलीत शोधायच्या कशा, जायचं कसं

आधी तब्येतीचं बघा. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरत असतील, घाम फुटत असेल आणि दोन घोट पोटात गेल्यावरच बरं वाटत असेल, तर दारू एकदम तोडू नका. शेवटच्या पेगनंतर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, असंबद्ध बडबड, ताप सुरू होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावतोही. साताऱ्याचं सिव्हिल किंवा सांगली-मिरजेचं सरकारी रुग्णालय गाठा आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांना रोज किती पिता ते खरं सांगा. निम्मं सांगितलंत तर गोळ्यांचा डोसही कमी पडेल. मिटिंगचं काम यानंतरचं.

मिटिंग म्हणजे बहुतेक वेळा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, सगळे जिला ‘एए’ म्हणतात ती. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. कुणी नोंदणीचे पैसे मागितले तर ती एए नव्हे, एवढं पक्कं समजा.

शोधायला सुरुवात एएच्या भारतातल्या वेबसाइटवरून करा, पण यादीतला वार-वेळ बदललेला असू शकतो, म्हणून फोन केल्याशिवाय निघू नका. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन फुकट आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था याच कामात आहे, तिथेही विचारा. मानसोपचार विभागातल्या समुपदेशकांना जवळपासचे गट बहुधा ठाऊक असतात. फोनवर हे नेमकं विचारा : वार कोणता, किती वाजता, इमारतीत कुठली खोली, मिटिंग ‘ओपन’ की ‘क्लोज्ड’, आणि आज नक्की आहे ना. ओपनला घरचं माणूसही चालतं, क्लोज्ड फक्त स्वतःची दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. बाहेर मोठा फलक नसतो, त्यामुळे खोली न विचारता गेलेला माणूस जिन्यातूनच परत फिरतो. सणासुदीला शाळेचा किंवा देवळाचा हॉल मिळत नाही, तेव्हा जागा बदलते.

“ओळखीचं कुणी दिसलं तर?” ही भीती पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याकडे जास्त. दिसलं तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो, आणि आत दिसलेलं, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हा नियम आहे. तरी संकोच वाटला तर सांगलीकराने मिरजेची मिटिंग बघावी, सातारकराने कराडची. खेड्यातून येणाऱ्यांनी मात्र परतीची शेवटची एसटी आधी विचारून ठेवावी. मिटिंगा बहुधा संध्याकाळच्या असतात, म्हणजे नेमक्या पिण्याच्या वेळेला. तिथेच त्यांचा फायदा आहे. गाडी चुकून स्टँडवर तासभर रिकामं बसणं मात्र महागात पडतं. गाडीची सोय होत नसेल त्या दिवशी मोबाइलवरची ऑनलाइन मिटिंग करा.

दहा मिनिटं आधी पोचा. नाव विचारलं तर पहिलं नाव पुरे, आडनाव-गाव कुणी मागत नाही. प्रार्थना होते, थोडं वाचन होतं, मग एकेक जण आपला अनुभव सांगतो. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली तर “आज फक्त ऐकतो” म्हटलं तरी चालतं. ऐच्छिक वर्गणीचा डबा फिरेल, त्यात नवख्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही.

खरी मिटिंग संपल्यानंतर सुरू होते. चहाला थांबा आणि दोघा-तिघांचे नंबर घ्या. प्यावंसं वाटलं की पेला हातात घेण्याआधी फोन करायचा, नंतर नाही. पुढे यांतलाच एखादा जुना माणूस ‘स्पॉन्सर’, म्हणजे तुमचा वाटाड्या, होतो आणि एएच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूशिवाय जगायचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम, करून घेतो. नवखे गळतात ते बहुतेक इथेच : शेवटची प्रार्थना झाली की चप्पल घालून पसार. एका मिटिंगवरून मतही बनवू नका. गटागटाचा सूर वेगळा असतो, पाच-सहा वेळा जाऊन बघा. देवाचा उल्लेख खटकला तर आपल्यापेक्षा मोठी शक्ती म्हणून गटच धरला तरी चालतं, एएची त्याला हरकत नाही. कुणी “गोळ्या बंद कर” म्हणालं तर ऐकू नका. औषधाचं डॉक्टर ठरवतील.

उसाचं बिल जमा झालं, गावची जत्रा आली, लग्नसराई लागली की त्या आठवड्यात मिटिंगा वाढवा. प्यायलात तरी पुढच्या मिटिंगला जाच. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे, एवढंच.

घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ हे वेगळे गट असतात. पिणारा स्वतः मिटिंगला जात नसला तरी बायकोने, आईने जावं. आणि जाहिरातीतली ‘न कळत दारू सोडवणारी’ पावडर आमटीत कालवू नये. तिच्यात डायसल्फिराम (दारूशी रिअॅक्शन होणारं, दारू सोडवण्याचं औषध) असेल आणि त्यावर तो प्याला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं हे सगळं होऊ शकतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हा धोका राहतो, म्हणून ते औषध डॉक्टर पेशंटला सांगूनच देतात.