बीपीच्या पेशंटचा ईसीजी काढताना या चुका टाळा

बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड होते आणि ईसीजीतल्या लाटा उंच होतात. ओळखण्याचा हिशोब १९४९ पासून चालत आलेला, सोकोलो-लायनचा: व्ही-१ मधला एस (खाली जाणारी लाट) आणि व्ही-५ किंवा व्ही-६ मधला मोठा आर (वर जाणारं टोक), बेरीज (व्ही-१ ते व्ही-६ म्हणजे छातीवर लावायचे इलेक्ट्रोड) ३५ मिमी किंवा जास्त. सगळं मिलिमीटरवर अवलंबून, आणि हलगर्जीपणाही तिथेच होतो.

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतलं तपासणी शिबिर. एका पेशंटच्या लाटा एकमेकींवर चढत होत्या म्हणून टेक्निशियनने गेन (लाटा किती उंच छापायच्या ते ठरवणारं सेटिंग) १० वरून ५ वर आणला आणि परत वर न्यायचा राहिला. पुढचे सगळे बीपीवाले 'नॉर्मल'. त्यातल्या एका काकांचा एस ७, आर १२, बेरीज १९. खरी बेरीज ३८ होती. कॅलिब्रेशनची चौकट (मशीन मापासाठी कागदावर छापतं ती खूण) दोन मोठ्या घरांऐवजी एकच घर उंच छापली होती, कोणी पाहिलीच नाही. कागद हातात आला की आधी चौकट बघा, मग नाव, मग लाटा. चौकट १० मिमी नसेल तर गेन सुधारून ईसीजी पुन्हा काढा. रांग मोठी आहे ही सबब इथे चालत नाही.

फिल्टरचं तसंच. आपल्याकडच्या दमट हवेत छाती घामेजते, रेघ थरथरते, आणि घाईतले नवशिके ४० हर्ट्झचा फिल्टर दाबून मोकळे होतात. रेघ गुळगुळीत होते खरी, पण आरचं टोक छाटलं जातं. त्याऐवजी कातडी स्पिरिटने पुसा, वाळू द्या, पेशंटला हात सैल सोडायला सांगा, जवळचा चार्जर काढा. फिल्टर १५० वरच हवा.

व्ही-१, व्ही-२ अंदाजाने लावू नका, बहुतेकदा वर चढतात. छातीच्या मधल्या हाडावरचा उंचवटा चाचपा. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट. तिथून चौथी फट मोजा. व्ही-४ आधी, व्ही-३ नंतर.

व्ही-५, व्ही-६ मध्ये एसटी (आर-एसनंतरची रेघ) खाली आणि टी (त्यापुढची लाट) तिरका उलटा दिसला की 'स्ट्रेन', म्हणजे जाड भिंतीवरचा ताण, एवढंच लिहून मोकळे होऊ नका. जाड झालेल्या पेशींमधून पोटॅशियमचा बाहेर जाणारा प्रवाह कमी पडतो, पेशी पूर्वस्थितीला यायला वेळ घेते, म्हणून टी उलटतो. पण छातीत दुखत असेल तर जुना ईसीजी शेजारी ठेवा आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) पाठवा.

टी चपटा आणि मागे यू लाट? गोळ्यांची पिशवी मागा. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन (लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, पोटॅशियम घटवतात) निघालं तर त्याच दिवशी रक्तातलं पोटॅशियम तपासा.

सडपातळ तरुणात बेरीज उगाच ३५ ओलांडते. स्थूल पेशंटमध्ये जाड भिंतही ईसीजीत लपते, तिथे टू-डी इकोच सांगा.