प्रपोजलमधला ‘परिणाम’ आधी खोडा

एसटीएसच्या (विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांचं नातं तपासणारा विषय) पीएचडीसाठी प्रपोजल लिहिताय आणि शीर्षकात ‘समाजावर होणारा परिणाम’ आहे? आत्ताच खोडा. मी खोडलं नाही, आणि माझे आठ महिने पाण्यात गेले. विषयही पाणीच होता.

मी मेकॅनिकलवाला. घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका वस्तीत ‘पाण्याच्या मीटरचा परिणाम’ शोधायला १२० फॉर्म घेऊन गेलो. बायका हंडे भरता भरता सांगायच्या, “झाला ना परिणाम, हो लिही नि सरक बाजूला.” मी लिहायचो.

एका पहाटे फॉर्म विसरलो म्हणून नुसताच उभा होतो. चावीवाला आला. रस्त्यातलं झाकण उचलून त्याने लांब लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवली, फेरे मोजत फिरवली, थांबला आणि दोन फेरे उलटे घेतले. का, विचारलं. “खाली पूर्ण सोडलं तर वरच्या गल्लीला चढत नाही. काल भांडून गेल्यात तिथल्या बायका.”

आता ते दोन फेरे म्हणजे प्रेशरचं गणित की बायकांचं भांडण? वेगळं काढून दाखवा. ‘परिणाम’ म्हटलं की यंत्र आधीच तयार आणि माणसं नुसती झेलणारी, असं आपण धरून चालतो. मग ते घडवलं कुणी, रोज चालवतं कोण, हे विचारायला जागाच राहत नाही. १८६० च्या विहार तलावापासून मुंबईला पाणी देणाऱ्या आजच्या सात तलावांपर्यंतचा सगळा पसारा त्या गल्लीत दोन फेऱ्यांवर येऊन ठेपतो, आणि माझ्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ब्रुनो लातूर (घरी हे नाव काढलं की भूकंपाचा विषय निघतो) १९७५ ते ७७ कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटच्या प्रयोगशाळेत बसून शास्त्रज्ञांचं काम बघत होता. तुम्ही आपल्या फील्डवर निदान दोन महिने बसा. सीनियरच्या नोट्स वाचून लातूरचा ‘नेटवर्क’ शब्द पेरणारे व्हायवात उघडे पडतात, आणि पडावेतच.

गाइड नावाजलेला नको, पेन घेऊन वाचणारा हवा. माझ्या मॅडम प्रत्येक ‘परिणाम’पुढे “कुणी केला?” लिहायच्या. तेव्हा राग यायचा.

जेआरएफ या संशोधन फेलोशिपचे महिना ३७,००० ऐकायला बरे वाटतात. चेंबूरला खोली बघायला लागा, मग बोलू. पहिल्या सेमिस्टरला वाचलेलं काही डोक्यात शिरत नाही, त्याने मात्र घाबरू नका. इंजिनिअरिंगवाल्या सगळ्यांचं तेच होतं, आणि दिवाळीनंतर शिरायला लागतं.

फॉर्म मी टाकले नाहीत. पाठकोरे होते. पुढच्या फील्डनोट्स त्यांच्यावरच लिहिल्या.